हृदय झालं फोर-के

कोराडी रोडवरच्या त्या लॉनमध्ये एरवी लग्नं लागतात. त्या रविवारी सकाळी तिथे हृदयं धुतली जात होती. मांडव तोच, खुर्च्यांचे पांढरे झगे तेच, दारातला प्लास्टिकचा हत्तीही तोच. फक्त नवरानवरीच्या सोफ्यावर स्पष्टानंद महाराज मांडी ठोकून बसले होते आणि त्यांच्या मागे भिंतभर पडदा लावला होता. मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. ज्याच्या त्याच्या हातात सीडी. कुणी ती रुमालात गुंडाळून आणली होती, कुणी कपाळाला लावत होतं, एका आजीबाईंनी तर सीडीच्या पाकिटाला हळदकुंकू वाहिलं होतं. छातीची अँजिओग्राफी केली की दवाखान्यात रक्तवाहिन्यांची हलती फिल्म अशा सीडीवर घालून देतात. ती डॉक्टरांनी पाहावी, अशी अपेक्षा असते. इथे ती महाराजांनी पाहायची होती.

"लेकरांनो!" महाराज माईकमध्ये गरजले. "माणूस जन्माला येतो तेव्हा त्याचं हृदय असतं फोर-के! मग येतो लोभ. मग येतो क्रोध. मग येते मटणाची तर्री! एकेक पिक्सेल गळत जातो आणि शेवटी उरतं काय?"

"एस-डी!" मांडव एका सुरात ओरडला.

"हम क्या करते हैं? हम कुछ नहीं करते. आम्ही फक्त पाहतो. पिक्सेल भरणारा तो वर बसलाय!"

वर पंखा होता. लोकांनी त्यालाही हात जोडले.

दामिनी वैरागडे मागच्या रांगेत उभी राहून हे सगळं पाहत होती आणि तिचा जीव जळत होता. ती शाळेत विज्ञान शिकवायची. अशी ठगी तिने पुष्कळ पाहिली होती, पण आजवर त्या ठगीच्या सोफ्यासमोर तिचा स्वतःचा बाप बसलेला नव्हता. आज बसला होता, आणि तोही टिळा लावून.

रुपराव वैरागडे यांचं सदरमध्ये टीव्हीचं दुकान. दोन जिने चढताना छातीत कळ आली म्हणून अँजिओग्राफी झाली. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी फिल्म दाखवत तीन ठिकाणचे अडथळे समजावले, बायपास सांगितली, येत्या गुरुवारची तारीखही दिली. तेवढ्यात कुणीतरी कानात महाराज फुंकले.

महाराजांचा चेला मुकुंद याने रुपरावांची सीडी लॅपटॉपमध्ये घातली. पडद्यावर करड्या रंगात रक्तवाहिन्या वळवळू लागल्या आणि वरच्या कोपऱ्यात, व्हिडिओ प्लेअरच्या सवयीप्रमाणे, एक छोटा चौकोन उमटला: एस-डी, म्हणजे जुन्या टीव्हीचं हलकं चित्र. मांडवाने हळहळ व्यक्त केली. महाराजांनी लॅपटॉप मिटल्यासारखा केला, त्यावर खांद्यावरची भगवी छाटी टाकली आणि डोळे लावून घेतले. पेटी-तबला सुरू झाला. भजन संपलं, छाटी निघाली, तीच फिल्म पुन्हा लागली. कोपऱ्यात आता महागड्या टीव्हीवर असतात तशी लखलखीत अक्षरं होती: फोर-के.

लोक उठून उभे राहिले. बायांनी दृष्ट काढून बोटं मोडली. ज्या अरुंद जागांवर डॉक्टरांनी बोट ठेवलं होतं, त्या जागाही पडद्यावर मऊमऊ, गुळगुळीत दिसत होत्या. रुपरावांच्या डोळ्यांना धारा लागल्या.

घरी आल्यावर त्यांनी चप्पल काढायच्या आधी फर्मान काढलं. "दामिनी, दवाखान्यात फोन करून तारीख रद्द कर."

"काहून?"

"काहून म्हणजे? तू पाह्यलं नाई का? फोर-के आला!"

"पप्पा, तो शिक्का प्लेअरचा आहे. तुमच्या हृदयाचा नाई."

"उभा जन्म टीव्ही विकले मी, अन् तू मले शिकवून राहिली?" रुपराव भडकले. "मशीन कदी खोटं बोलत नाई. माणूस बोलते."

आता इथे रुपरावांच्या दुकानाचा एक कायदा सांगायला हवा. गिऱ्हाईक दोन टीव्हींसमोर गोंधळून उभं राहिलं की ते म्हणायचे, "चित्र पाहू नका भाऊ. दुकानात सगळ्याच टीव्हीचं चित्र चांगलं दिसते. एस-डी का फोर-के, ते स्टिकर पाहा." या एका वाक्यावर त्यांनी घर बांधलं होतं, पोरीला शिकवलं होतं. टीव्हीच्या बाबतीत वाक्य फारसं चुकीचंही नव्हतं. पण ज्याचं पोट जन्मभर स्टिकरवर भरलं, त्याला स्टिकर छातीवर चिकटवला तरी पटतो. दुसरा कुणी शेतकरी, शिंपी किंवा भाजीवाला कदाचित म्हणाला असता, "फोर-के म्हणजे काय गा?" रुपरावांना तो प्रश्न पडणं शक्यच नव्हतं, कारण त्याचं उत्तर आपल्याला पाठ आहे अशी त्यांची खात्री होती.

"अवं, त्याईले आता दुखत पण नाई ना वं," आई, तारा, मध्ये पडली.

"दुखणार कसं? डॉक्टरांच्या गोळ्या सुरू आहेत, अन् जिना चढणं बंद आहे."

महाराज त्या बाबतीत मोठे हुशार. गोळ्या बंद करा, असं ते चुकूनही म्हणत नसत. 'डॉक्टरची गोळी प्रसाद समजून घ्या' म्हणायचे. म्हणजे बरं वाटलं तर श्रेय महाराजांचं आणि माणूस मेला तर गोळी डॉक्टरची.

गुरुवार आला आणि गेला. रुपराव दुकानात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला आपलं हृदय सांगत होते. डॉक्टर फोनवर दामिनीला म्हणाले, "त्यांना समजवा. मुख्य वाहिनीतला अडथळा मोठा आहे, अन् तो वाट पाहत बसत नाही." दामिनीला त्या रात्री जेवण गेलं नाही. बापाशी भांडून उपयोग नव्हता. भांडण झालं की त्यांचा श्वास लागायचा, मग आई तिच्याकडेच डोळे वटारून पाहायची.

महाराजांनी 'शुद्ध' झालेली फिल्म प्रसाद म्हणून पेनड्राईव्हवर दिली होती आणि ती देवघरात लंगड्या बाळकृष्णाशेजारी विसावली होती. दुसऱ्या दिवशी शाळेत जाण्याआधी दामिनीने बाळकृष्णाची क्षमा मागून ती उचलली. दुकानातल्या कॉम्प्युटरवर आधी दवाखान्याची मूळ फिल्म लावली, मग महाराजांची. दोन्ही फाइलींची माहिती उघडून पाहिली. पाहिल्यावर ती खुर्चीत मागे रेलून खदखदून हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. इतक्या फुसक्या गोष्टीवर तिच्या बापाचा जीव टांगला होता.

आणखी एक गोष्ट तिला मांडवातच खटकली होती. काही रोग्यांसाठी एकच भजन व्हायचं, काहींसाठी दोन. लोक म्हणायचे, ज्याचं पाप जास्त त्याला भजन जास्त. दामिनीने मात्र पाहिलं होतं, की ज्याची फिल्म लांब त्याला भजन जास्त. देवाला वेळ लागत नाही. वेळ कॉम्प्युटरला लागतो.

तिच्या शाळेमागे एक वठलेली बाभूळ होती. संक्रांतीला कटलेला एक पतंग तिच्या फांद्यांत अडकून अजून फडफडत होता. दामिनीने मोबाईलवर त्या झाडाची चांगली लांबलचक फिल्म घेतली, तिचा रंग काढून ती करडी केली, दवाखान्याच्या फिल्मसारखी छोटी चौकोनी केली आणि सीडीवर उतरवली. आभाळावर त्या काळ्या, काटकुळ्या, वाऱ्याने हलणाऱ्या फांद्या पाहून क्षणभर तिलाच धसकन झालं, इतक्या त्या रक्तवाहिन्यांसारख्या दिसत होत्या.

मग तिने केशवमामाला बोलावलं. मामा आईचा धाकटा भाऊ. उमेदीच्या काळात झाडीपट्टीच्या नाटकांत तो मरायचा, म्हणजे मरणाऱ्याचं काम करायचा. त्याच्या मरणाला हमखास टाळ्या पडायच्या. तब्येत अशी, की अजूनही गव्हाचं पोतं एका खांद्यावर घेईल.

"माहं काम का, ते सांग फक्त," मामा म्हणाला.

"छाती धरायची अन् खोकायचं."

"खोकला कसा पायजे? कोरडा का ओला?"

पुढच्या रविवारी मांडव आणखी भरला होता. रुपराव पहिल्या रांगेत, साक्षीदाराच्या खास खुर्चीवर. गेला आठवडाभर महाराज त्यांचं नाव घेऊनच धंदा करत होते: "सदरच्या टीव्हीवाल्यानं पास केलेलं फोर-के आहे हे! त्याच्याहून जास्त कुणाला कळतं?" रुपराव मान डोलवत होते. दामिनीला लाजही वाटत होती आणि भीतीही, कारण मधूनमधून त्यांचा हात नकळत छातीकडे जात होता.

केशवमामा सोफ्यापाशी पोचता पोचता दोनदा कोसळला. बायांनी पदर डोळ्यांना लावले. मुकुंदने सीडी घातली, पडद्यावर करड्या आभाळात काळ्या शाखा हलू लागल्या आणि कोपऱ्यात शिक्का आला: एस-डी.

"अरेरेरे!" महाराजांनी लाल ठिपक्याची बॅटरी पडद्यावर मारली. "हा पाहा, हा हृदयाचा मुख्य नाला. इथून फुटल्या उपनाल्या. आणि हे पाहा, हे काळं, चौकोनी! कसं फडफडतंय! काय आहे हे?"

"मले का मालूम, म्हाराज," मामा कण्हला.

"अहंकार! अहंकाराचा ब्लॉकेज आहे हा! खूप जुना. बायकोला टाकून बोलतोस ना?"

"थेच मले टाकून बोलते, म्हाराज."

मांडव हसला. महाराजांनी घाईने छाटी टाकली. भजन सुरू झालं. संपलं. मुकुंदने छाटीखाली डोकावून पाहिलं आणि मान हलवली. भजन पुन्हा सुरू झालं. ते संपलं तरी मुकुंदची मान हलतच होती. तबलजीने घाम पुसत महाराजांकडे केविलवाणं पाहिलं. "घोर पाप आहे!" महाराज ओरडले, "म्हणा, पुन्हा म्हणा!" पेटीवाल्याचा सूर घसरला, टाळ्या वाजवणाऱ्या बायांचे हात दुखले, तेव्हा कुठे छाटी निघाली. फांद्या तशाच हलत होत्या, पण त्यांच्या कडा मऊ झाल्या होत्या, तो फडफडणारा काळा चौकोन पुसट झाला होता आणि कोपऱ्यात झळकत होतं: फोर-के.

"गेला! अहंकार गेला!" महाराज उभे राहिले. "पोरा, आजपासून तुझं हृदय पाच वर्षांच्या लेकराचं!"

मामाने उभं राहून दोन्ही हात जोडले. "पक्कं माहंच हृदय हाये ना हे, म्हाराज?"

"तुझंच, वेड्या! शंका घेशील तर पुन्हा एस-डी होशील."

दामिनी पुढे झाली. "महाराज, याच हृदयाची रंगीत फिल्म पण आहे त्या सीडीवर. दुसरी फाइल. ती दाखवा ना लोकांना."

"रंगीत?" महाराजांच्या तोंडाला पाणी सुटलं.

मुकुंद जरा घुटमळला. तेव्हा पहिल्या रांगेतून रुपरावच अभिमानाने म्हणाले, "लाव गा मुकुंद. माही पोरगी आहे ते." लेक अखेर मार्गाला लागली, असं त्यांना वाटलं असावं.

मुकुंदने फाइल लावली. निळंशार आभाळ. शाळेची मागची भिंत. वठलेली बाभूळ, तिच्या फांदीत अडकलेला लाल पतंग, आणि बुंध्याला अंग घासत निवांत उभी असलेली एक बकरी. बकरी कॅमेऱ्याकडे पाहून ओरडली.

मागून एक पोरगं फिसकन हसलं आणि त्याच्या मागोमाग सारा मांडव हसू लागला. मामा अंग झाडून ताठ उभा राहिला आणि सवयीने प्रेक्षकांना नमस्कार केला.

"झाडालाही हृदय असतं!" महाराज किंचाळले. "वृक्षांत जीव आहे, हे विज्ञानानंही मान्य केलं आहे!"

"मग त्याचा अहंकार काहून पतंगाएवढा?" दामिनी म्हणाली. "अन् झाड बायकोला टाकून बोलते का?" तिने माईक हातात घेतला. आता तिचा आवाज शाळेतल्यासारखा झाला होता. "हा प्लेअर चित्र पाहत नाही. त्याला हृदय कळत नाही, झाड कळत नाही, बकरी कळत नाही. प्रत्येक फिल्मच्या फाइलमध्ये सुरुवातीला दोन आकडे लिहिलेले असतात: चित्रात आडवे ठिपके किती, उभे किती. प्लेअर तेवढे वाचतो. आकडे लहान असले तर एस-डी म्हणतो, मोठे असले तर फोर-के. दवाखान्याची फिल्म ठिपक्यांनी लहान असते, म्हणून तिच्यावर एस-डी येतं. तेवढीच तिची गरज असते. छाटीखाली या लोकांचा कॉम्प्युटर तीच फिल्म ताणून मोठी करतो. एका ठिपक्याच्या जागी पुष्कळ ठिपके बसवतो. नवे ठिपके आणणार कुठून? शेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढून भरतो. म्हणून कडा पुसट होतात, अन् अडथळा नीट दिसेनासा होतो. अडथळा जागेवरच असतो. वाटीभर वरणात तांब्याभर पाणी ओतलं तर वरण वाढते, डाळ वाढत नाही. ताणायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ तुम्ही भजन म्हणता. मी आज मुद्दाम लांब फिल्म आणली, म्हणून तुमचे हात दुखले."

ती बापाकडे वळली. "पप्पा, तुमच्या पण दोन्ही फिल्म मी पाहिल्या. मूळचीत दोन्ही बाजूंनी पाचशे बारा ठिपके, प्रसादाचीत दोन हजार एकशे साठ. बस, एवढंच बदललं. मोबाईलवर तळहात ठेवून मी काळाकुट्ट अंधार शूट केला. त्यालाही फोर-के आला."

रुपराव हसले नव्हते. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "झाडाचं राहू दे," ते हट्टाने म्हणाले. "माहं तर माहंच होतं ना? मले तर फरक वाटून राहिला ना?"

एवढं सगळं दाखवल्यावरही! माणसाला फसवणं सोपं असतं. तू फसलास हे त्याच्या गळी उतरवणं महाकठीण. तिकडे महाराजांनी ही संधी हेरली. "श्रद्धा ज्याची त्याची!" म्हणत ते हळूच स्वयंपाकघराच्या दाराकडे सरकले.

तेवढ्यात मधल्या रांगेतून एक बाई उठून पुढे आल्या. पन्नाशीच्या, रापलेल्या, कपाळ मोकळं. हातात प्लास्टिकच्या पिशवीत एक सीडी होती.

"मी कौसल्या. रामटेकहून आली," त्या दामिनीला म्हणाल्या. माईक त्यांच्या तोंडापाशी होता, हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. "माह्या मालकाचंबी फोर-के झालं होतं, बाई. दिवाळीच्या आंधी. डाक्टर आपरेशन सांगे, आमी नाई केलं. धानाचं पोतं उचलाले वाकले, तिथीच बसले. मंग उठलेच नाई."

मागची माणसं ऐकायला पुढे सरकली.

"म्हाराज म्हणले, तू सोमवार मोडला, म्हून फोर-के उतरलं. मी खरंच मोडला होता. ताप होता मले, भाकर खाल्ली. तवापासून मले झोप नाई. सासू तोंड पाहत नाई माहं." त्यांनी सीडी पुढे केली. "आज मी म्हाराजाले माफी मागाले आली होती. तू शिकेल आहे. खरं सांग. माह्या भाकरीनं झालं का?"

"नाही, काकू." दामिनी म्हणाली. "तुमच्या भाकरीनं काहीच झालं नाही. त्यांच्या वाहिनीत अडथळा होता. तो तसाच राहिला होता."

"म्हंजे आपरेशन केलं असतं, तर असते थे?"

खोटं बोलायची दामिनीला फार इच्छा झाली. "बहुतेक असते, काकू," ती म्हणाली.

कौसल्याबाई रडल्या नाहीत. त्या खाली बसल्या, तिथेच, मंडपाच्या गालिच्यावर, आणि सीडी मांडीवर ठेवून तिच्याकडे पाहत राहिल्या. महाराजांनी दाराची कडी काढली होती, पण तिथे केशवमामा उभा होता. कुणीतरी पोलिसांना फोन केला आणि ते येईपर्यंत मामा तिथून हलला नाही. जादूटोण्याविरुद्ध या राज्यात कायदा आहे आणि त्या दिवशी त्याचा उपयोग झाला.

रुपराव खुर्चीवरून उठले. ते कौसल्याबाईंसमोर येऊन थांबले. आठवडाभर त्या मांडवात त्यांच्या नावाने लोक सीड्या घेऊन येत होते. कपाळावरचा टिळा त्यांनी तळहाताने पुसला.

"दामिनी," ते म्हणाले, "डाक्टरले फोन लाव. उद्या या म्हणले तर उद्या जाऊ." मग मांडवाकडे वळून, गिऱ्हाइकाला हाक मारावी तशा मोठ्या आवाजात ते ओरडले, "ज्याईनं ज्याईनं माह्या शब्दावर तारीख रद्द केली, त्याईनं आत्ताच्या आत्ता फोन लावा! मी चुकलो. मले काई समजत नाई हृदयातलं!"

रुपरावांची बायपास झाली. ते बरे आहेत, घरात कुरकुर करतात आणि जिना चढतात. स्पष्टानंद जामिनावर सुटला असून सध्या मौनात आहे. पण उद्या तो नाही तर दुसरा कुणी येईल. त्याच्याजवळ लॅपटॉपऐवजी आणखी नवं यंत्र असेल आणि त्याच्या कोपऱ्यातही काहीतरी चमकत असेल. यंत्राला दोष देऊ नका. त्याला जेवढं मोजायला सांगितलं तेवढं ते इमानेइतबारे मोजतं. चमकणाऱ्या शिक्क्याला हात जोडण्यापूर्वी एवढंच विचारा, की हा शिक्का नेमका कशाचा आहे आणि कुणी काय मोजून तो मारला. असं विचारल्याने कोणताही खरा देव रागावत नाही. कौसल्याबाईंनी प्रश्न विचारला, तेव्हा उत्तराने त्यांचं माणूस परत येणार नव्हतं. तुमचं माणूस अजून घरात असेल, तर आजच विचारा.